धारेवर कुणाला धरायचे?



‘फुकटच्या सॉफ्टवेअरवाल्यांना धारेवर धरल्याशिवाय चुका दुरुस्त होत नाहीत’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला मुळीच मान्य नाही. फाइली आवळून लहान करणारा ‘एक्सझेड’ हा प्रोग्राम घ्या. जगभरच्या लिनक्स सर्व्हरांवर तो असतो; सांभाळणारा एकच होता, तोही बिनपगारी. २०२२मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला: एवढा उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा. मनःस्वास्थ्य ठीक नाही, हे छंदाचे काम आहे, असे सांगूनही भागले नाही. मदतीला आलेल्या ‘जिया टॅन’ नावाच्या खात्याला अधिकार मिळाले आणि २०२४मध्ये त्याच खात्याने प्रोग्राममध्ये चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने छडा लावला, म्हणून तो उघडकीस आला.

तगाद्याची ती पत्रे कटाचाच भाग असावीत, असा दाट संशय आहे. मला अस्वस्थ करते ते वेगळेच: तेव्हा ती बनावट वाटली नाहीत, कारण असे बोलणे रोजचेच झाले आहे. चूक जरूर कळवा. आवृत्ती कोणती, काय केल्यावर बिघडले, पडद्यावर कोणता संदेश आला, सगळे लिहा. उत्तराला दोन आठवडे लागले, तर लागू द्या.

– एक प्रोग्रामर, पुणे