गाठ लपवू नका, कापण्याची घाईही नको

म्हशीला दगडी झाली की आपला शेतकरी त्याच दिवशी गुरांचा डॉक्टर आणतो. घरच्या बाईच्या स्तनात गाठ आली तर मात्र ती महिनोन्‌महिने सांगत नाही, आणि कोणी विचारीतही नाही. हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.

ल्युपस झालेल्या भगिनींनी तर जास्तच जपले पाहिजे. या रोगात शरीराची रक्षण करणारी शक्ती शरीरावरच उलटते. सांधे दुखतात, उन्हात गेले की अंगावर चट्टे उठतात, थकवा जात नाही. दहा रोग्यांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. क्वचित हा रोग स्तनातील चरबीत उतरतो व तेथे सूज येऊन घट्ट गाठी होतात. डॉक्टर यास ल्युपस मॅस्टायटिस म्हणतात. गाठ कधी दुखते, कधी नाही. कधी वरची कातडी लाल होते किंवा आत ओढली जाते. हाताला आणि मॅमोग्राफीतही ती कर्करोगासारखी भासू शकते. आपल्याकडे क्षयाचीही गाठ स्तनात होते.

म्हणून अंदाजावर जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘ल्युपसचीच असेल’ म्हणून स्वस्थ बसणे धोक्याचे. ल्युपस असलेल्या बाईसही कर्करोग होऊ शकतो. ‘कर्करोगच असणार’ म्हणून तपासाआधी गाठ काढून टाकणेही चूक. ल्युपसची सूज शस्त्रक्रियेच्या जखमेने अधिक चिघळू शकते.

खरा निवाडा बायोप्सीने होतो. जागा बधिर करून जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा काढतात व सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. बारीक सुईने ओढलेल्या पेशी या रोगाच्या निदानास बहुधा अपुऱ्या पडतात. तुकडा तपासणाऱ्यास ‘रोग्यास ल्युपस आहे’ हे कळलेच पाहिजे. ते चिठ्ठीवर लिहिले आहे ना, हे विचारून घ्यावे. जुने कागद व चालू गोळ्या बरोबर न्याव्यात.

निदान ल्युपसचे ठरले, तर बहुधा औषधांनीच सूज आटोक्यात येते. मूळ हिवतापासाठी असलेले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन त्यात मुख्य. गरजेप्रमाणे डॉक्टर स्टेरॉईडही देतात. ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

पुरुषांना आमची एकच विनंती आहे. भातलावणी पुढे चार दिवस सरकली तरी चालेल. बाईला इस्पितळात घेऊन जाणे पुढे ढकलू नका.