मृगाचा पाऊस ठाऊक, मृगाचे तारे अनोळखी

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत नक्षत्रांची नावे कोणाला शिकवावी लागत नाहीत. मृग लागला की शेतकऱ्याची धांदल उडते. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस आणि शेवटी हस्ताचा हत्ती, हे सारे घरातल्या बोलण्यातले शब्द आहेत. मात्र याच घरातल्या दहावीच्या विद्यार्थ्याला अंगणात उभे करून मृग नक्षत्र कोठे आहे असे विचारले, तर बहुधा उत्तर मिळत नाही. नाव मुखी आहे, तारे अनोळखी आहेत.

याचे एक कारण खगोलातच दडलेले आहे. पावसाचे नक्षत्र म्हणजे सूर्य त्या काळात ज्या नक्षत्रात असतो ते. सूर्य एका नक्षत्रात सुमारे साडेतेरा दिवस राहतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्याअखेरीस मृगात प्रवेश करतो. साहजिकच मृगाचा पाऊस पडतो तेव्हा मृगाचे तारे सूर्यासोबत दिवसा आकाशात असतात आणि दिसत नाहीत. ते पाहायचे तर पाऊस सरल्यावर, हिवाळ्यातील रात्रीच पाहिले पाहिजेत. एवढी साधी गोष्ट समजली, तरी पंचांगातील नावाचा आकाशाशी सांधा जुळतो.

पुढची पायरी ताऱ्याची. तारा म्हणजे दूरचा सूर्यच. स्वतःच्या गर्भात हायड्रोजनचे हेलियम करीत ऊर्जा निर्माण करणारा तप्त वायूचा गोल. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला सुमारे आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. पोलादपूरच्या एस.टी. स्थानकात सूर्य ठेवला आणि पृथ्वी त्यापासून एक मीटरवर मांडली, तर त्याच प्रमाणात सर्वांत जवळचा तारा २६० किलोमीटरहून अधिक दूर, म्हणजे मुंबईच्याही पलीकडे ठेवावा लागेल. रोहिणीचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ६५ वर्षे लागतात, तर कृत्तिकांच्या पुंजक्याचा प्रकाश यायला सुमारे ४४० वर्षे. महाड तालुक्यातील ज्या रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला, तेथून आज कृत्तिका पाहणाऱ्याच्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश शिवरायांच्या जन्मापूर्वीच निघालेला असतो. आकाश पाहणे म्हणजे भूतकाळ पाहणे, ते या अर्थाने.

ताऱ्यांनाही जन्म आणि मृत्यू आहे. मृगातील बाणाच्या तीन ताऱ्यांखाली दिसणारा धूसर ठिपका म्हणजे सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूरचा तेजोमेघ. तेथे आजही नवे तारे घडत आहेत. त्याच चित्रातील तांबूस काक्षी, म्हणजेच आर्द्रा, हा आयुष्याच्या अखेरीकडे झुकलेला महाकाय तारा. २०१९ च्या अखेरीस तो नुसत्या डोळ्यांना जाणवेल इतका मंदावला होता. त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या धुळीने तो झाकोळला, असे संशोधकांचे निदान आहे.

हे सारे तारे आपल्या आकाशगंगेचे रहिवासी. तिचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे असून तिच्यात किमान दहा हजार कोटी तारे आहेत. सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. अशा ताऱ्यांच्या विराट समूहाला मराठीत दीर्घिका हा सुंदर शब्द आहे. शेजारची मोठी दीर्घिका देवयानी सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असूनही अंधाऱ्या रात्री दुर्बिणीविना दिसते. ती आकाशगंगेच्या बाहेरची आहे, हे एडविन हबल यांच्या निरीक्षणांनी १९२० च्या दशकात सिद्ध झाले. १९२९ साली दीर्घिका एकमेकींपासून दूर जात असल्याचे त्यांनी दाखविले. विश्वाचे वय आज सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. २०१७ साली पुण्याच्या ‘आयुका’सह अन्य संस्थांतील भारतीय संशोधकांनी मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा एक महासमूह शोधून त्याला ‘सरस्वती’ असे नाव दिले.

आर्यभट आणि भास्कराचार्य यांचा गौरव आपल्या व्यासपीठांवरून नेहमी होतो, तो योग्यच आहे. परंतु पूर्वजांनी सर्व काही शोधून ठेवले आहे, असे म्हणून मान खाली घालून बसणे हा त्यांचा वारसा नव्हे. दापोलीजवळच्या मुरूड येथे जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित शिक्षण खात्यात नोकरी करीत होते. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. परंपरेवर प्रेम करतानाच तिची गणिताने परीक्षा घेणारी ही वृत्ती. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर महास्फोटाच्या सर्वमान्य सिद्धांतालाही अखेरपर्यंत प्रश्न विचारीत राहिले. अभिमान बाळगायचा तर या वृत्तीचा बाळगावा.

सह्याद्रीच्या कुशीतील पोलादपूरच्या वाड्यांना अजून काळोखी रात्र लाभलेली आहे. महाडची औद्योगिक वसाहत आणि रुंदावलेला महामार्ग यांच्या दिव्यांनी ती हळूहळू पुसली जाऊ शकते. दिवे आवश्यकच आहेत. पण त्यांना वरून टोपी असली आणि प्रकाश रस्त्यावरच पडला, तर सुरक्षितता आणि आकाश दोन्ही टिकतात. महाराष्ट्रातीलच पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. काळोख हीसुद्धा जपण्यासारखी संपत्ती आहे, हे तेथे ओळखले गेले.

मुंबईतील चाकरमानी गणपतीला गावी येतात तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते. शिमग्याला येतात तेव्हा पौर्णिमेचे चांदणे ताऱ्यांना झाकते. दिवाळीची सुटी मात्र नेमकी अमावास्येभोवती येते. पाऊस मागे हटलेला असतो, रात्री दहाच्या सुमारास देवयानी उत्तरेकडे उंचावर असते, कृत्तिका आणि रोहिणी पूर्वेकडून वर चढत असतात आणि त्यांच्यामागून मृग डोंगरावर येऊ लागतो. गावोगावच्या शाळांनी, तरुण मंडळांनी आणि शाखांनी या दिवसांतली एक रात्र आकाशदर्शनासाठी राखून ठेवावी. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. एक जाणता शिक्षक, एक नकाशा आणि तासभर मालवलेले दिवे पुरेसे आहेत. मृगाच्या पावसाची वाट पाहणाऱ्या घरातील मुलांना मृगाचे तारेही ओळखता आले पाहिजेत.