जुनी बॅटरी भंगारात देऊ नका

चंद्रपूरची हवा खराब आहे, यावर आपले सर्वांचे एकमत आहे. थर्मलचा धूर, कोळशाची धूळ यावर माझ्या दवाखान्यात रोज बोलणे होते आणि ती तक्रार रास्तच आहे. पण "इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कुठे दिलीत?" असे विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच: "भंगारवाल्याला. चांगले पैसे आले, डॉक्टर."

पैसे कशाचे आले? शिशाचे. इन्व्हर्टर किंवा गाडीच्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसेच असते. भंगारात दिलेली प्रत्येक बॅटरी उघड्यावर फोडली जाते असे नाही, पण ती कुठे गेली हे तुम्हाला कळत नाही. जिथे फोडतात तिथे आम्ल नालीत ओततात आणि शिसे साध्या भट्टीत वितळवतात. त्याची धूळ मातीत बसते, कामगाराच्या कपड्यांवरून घरी येते आणि मुलांच्या हातांतून पोटात जाते. पहिला बळी त्या कामगाराचेच मूल.

शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेले शिसे मुले मोठ्यांपेक्षा चार ते पाच पट जास्त शोषतात. अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत रक्तक्षय किती घरांत आहे, हे मी सांगायला नको. शिसे मेंदूच्या वाढीवर घाला घालते आणि ते नुकसान औषधाने भरून येत नाही.

"एका बॅटरीने काय होते?" हा बचाव आता पुरे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून योग्य ठिकाणी देण्याची जबाबदारी आपली आहे. नवी बॅटरी भामरागड, सिरोंच्यापर्यंत पोहोचते, तर जुनी परत का जाऊ शकत नाही? दुकानदाराला विचारा.

नवी घेताना जुनी त्याच दुकानात द्या, ती नोंदणीकृत रिसायकलरकडे जाते का ते विचारा आणि पावती घ्या. मोबाइल, टॉर्च, फवारणी पंपाची बॅटरी फोडू नका, शेकोटीत टाकू नका. वेगळ्या डब्यात जमवून तालुक्याला जाताना न्या.

भंगारवाला शंभर-दोनशे रुपये जास्त देईलही. ते घेऊ नका.