सकाळी मूठ वळते का?

पहाटे गोठ्यात धार काढायला बसावे आणि बोटे मिटूच नयेत. दिवस वर यावा, हात हळूहळू चालू व्हावेत आणि दुखणे विसरून खुरपणीला जावे. भगिनींनो, तुमच्यापैकी काहींचा हा रोजचा अनुभव असेल. घरात सांगितले तर उत्तर ठरलेले : “वात आहे. वय झाले की व्हायचाच.” आज या उत्तराविषयीच बोलू. कारण ‘वात’ या एका नावाखाली निदान दोन अगदी वेगळी दुखणी दडलेली असतात.

आधी सांधा कसा असतो ते पाहू. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. सांध्याभोवती एक पिशवी असते आणि तिच्या आतल्या अस्तरातून चिकट द्रव झिरपतो. गाडीच्या चाकाला जसे वंगण, तसा सांध्याला हा द्रव.

पहिले दुखणे झिजेचे. यात कूर्चा विरत जाते. हे बहुधा पन्नाशीच्या पुढे आणि विशेषतः गुडघ्यात होते. चालताना, उकिडवे बसून उठताना कळ येते. विसावा घेतला की बरे वाटते. सकाळी सांधे आखडले तरी अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात. अशांनी वजन आटोक्यात ठेवावे. एक किलो वजन उतरले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. धार काढताना, भाजी निवडताना बसायला लहान स्टूल घ्यावे. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा. असे दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा करावे. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो.

दुसरे दुखणे आमवाताचे. येथे शरीराची रोगांशी लढणारी शक्तीच चुकून सांध्याच्या अस्तरावर उलटते. राखणीच्या कुत्र्याने घरच्याच वासराला चावावे, तसा हा प्रकार. बोटांचे व मनगटांचे सांधे, बहुधा दोन्ही हातांचे, सुजतात. सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहूनही अधिक टिकतो. थकवा येतो. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुप्पट-तिप्पट आढळतो आणि ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो. मग ‘वय झाले’ म्हणून कसे चालेल?

येथे वेळेला फार मोल आहे. उपचार लांबले, तर हाडे कुरतडली जातात, बोटे वाकडी होतात आणि मग ती औषधाने सरळ होत नाहीत. लवकर सुरुवात केली, तर रोग पुष्कळदा काबूत राहतो. यावर मेथोट्रेक्झेट हे औषध बरेचदा देतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून मध्येच सोडू नये. मधूनमधून रक्त तपासावे लागते. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांपासून मात्र सावध राहा. काहींत स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत आराम पडतो खरा. पण पुढे तोंडावर सूज येते, रक्तातली साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस घेत असाल, तर एकदम बंद करू नका. ती घेऊनच डॉक्टरांकडे जा.

उद्या सकाळी उठल्यावर घड्याळ पाहा. मूठ घट्ट वळायला किती वेळ लागला, तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहा. आठ दिवस असे करा. आकडा तासाच्या आसपास असेल किंवा सांधे सुजलेले असतील, तर तो कागद घेऊन तपासणीला जा. आणि घरच्या पुरुषमंडळींनो, त्या दिवशीची धार तुम्ही काढा.