सीताफळ गोड, बी विषारी

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बार्शीचे ‘एनएमके-१’ वाणही अनेकांनी लावले. हंगामात मालेगावच्या हातगाड्यांवरही सीताफळ असते. फळासोबत बियाही घरात येतात, आणि विष त्यांतच आहे.

गर सुरक्षित आहे. अख्खी बी गिळली गेली, तर ती सहसा तशीच बाहेर पडते. खरा धोका कुटलेल्या बियांचा. उवांसाठी हे चूर्ण डोक्याला लावतात; ते डोळ्यात गेले तर बुबुळाला इजा होऊन नजर धूसर होते.

असे झाल्यास डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याने १५-२० मिनिटे धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवा. उवांसाठी परमेथ्रिनचे लोशन मिळते. डॉक्टरांना विचारून तेच वापरा.