पराभवाचे पाठ आणि मिटलेली दप्तरे

खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी असो वा डेहराडूनची लष्करी प्रबोधिनी, भावी अधिकाऱ्याला युद्धशास्त्राची काही मूलतत्त्वे आत्मसात करावीच लागतात. ध्येयाची निश्चिती, आक्रमकता, अनपेक्षित आघात, बळाचे केंद्रीकरण, बळाची काटकसर, सुरक्षितता, गतिशीलता आणि सहकार्य ही सूत्रे पहिल्या महायुद्धाच्या अनुभवानंतर, १९२० साली, ब्रिटिश सैन्याच्या नियमपुस्तिकेत यादीच्या रूपाने आली. त्यांमागे जे. एफ. सी. फुलर या अधिकाऱ्याचे चिंतन होते. पुढे मनोधैर्य आणि रसद-प्रशासन यांची त्यांत भर पडली व थोड्याफार फरकाने हीच परंपरा भारतीय सैन्यात रुजली.

यादी पाठ करणे अवघड नाही. अवघड आहे ते निराळेच. ही सूत्रे परस्परांशी भांडतात. बळ एकवटावे तर अन्य ठिकाणची सुरक्षितता उणावते. वेग साधावा तर अवजड तोफा मागे राहतात. कोणत्या क्षणी कोणत्या सूत्राला झुकते माप द्यावे, हे यादी सांगत नाही. ते सांगण्याचे सामर्थ्य इतिहासात आहे. मात्र तो इतिहास गौरवगाथा म्हणून न शिकवता हिशेब म्हणून शिकवला पाहिजे.

मराठ्यांच्याच इतिहासातील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. १७२८ साली निजामाने पुण्याच्या मुलखात धडक मारली, तेव्हा पहिला बाजीराव त्याच्या रक्षणासाठी धावून आला नाही. त्याने उलट निजामाच्याच प्रदेशाला धाक घातला आणि औरंगाबादेवर रोख धरला. निजामाला माघारी फिरावे लागले आणि वेगासाठी तोफखाना मागे ठेवावा लागला. वैजापूरनजीक पालखेडच्या परिसरात त्याचे धान्य व पाणी तोडले गेले. मोठे रणकंदन न होताच त्याला मुंगी-शेवगावचा तह मान्य करावा लागला. फील्ड मार्शल माँटगोमेरी यांनी आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची मुक्तकंठाने वाखाणणी केली आहे.

अवघ्या तेहतीस वर्षांनी पानिपतावर भूमिका उलटल्या. तोफांच्या आणि यात्रेकरू-बाजारबुणग्यांच्या भाराने आता मराठी फौज जखडली होती. पैशाची चणचण तर आधीपासूनच होती. दिल्ली घेतल्यावर दिवाण-ए-खासचे चांदीचे छत काढून खर्च भागवण्याची पाळी आली होती. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतपाशी यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. नकाशावर पाहता वाट दोघांचीही अडलेली होती. फरक इतकाच, की अब्दालीला नदीपलीकडच्या रोहिल्यांच्या मुलखातून धान्य मिळत राहिले. त्याची ती रसद तोडण्याच्या कामगिरीवर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि मराठ्यांची उपासमार सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी जी लढाई झाली, तिचा निकाल शौर्याच्या उणिवेने लागला नाही. त्याआधीच्या सुमारे अडीच महिन्यांत धान्याच्या वहीत तो बव्हंशी लिहिला गेला होता. पालखेडला ज्या शस्त्राने विजय मिळाला, त्याच शस्त्राने पानिपतावर घात केला. कोणतेही सूत्र कुणाच्या मालकीचे नसते, हा धडा छात्राला एकट्या पालखेडवरून मिळणार नाही. दोन्ही शेजारी ठेवल्यावरच मिळेल.

आजच्या ड्रोन-क्षेपणास्त्रांच्या युगात घोडदळाच्या मोहिमांचा काय उपयोग, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. पालखेडचे डावपेच उचलून लडाखमध्ये वापरता येणार नाहीत. परंतु इतिहास डावपेचांचा साचा देत नाही, निर्णयाची सवय देतो. बागपतचा उतार रोखावा की दिल्लीकडे वळावे, हा प्रश्न त्या दिवशी सेनापतीला जेवढी माहिती होती तेवढ्याच माहितीवर छात्राकडून सोडवून घेतला, तर शेवट ठाऊक असल्याने येणारे फुकाचे शहाणपण गळून पडते.

पराभव शिकवल्याने मनोधैर्य खचते, हा दुसरा आक्षेप. अनुभव याच्या उलट आहे. १८०६ साली येना येथे नेपोलियनकडून धूळधाण झाल्यावर प्रशियाने आपल्या अधिकाऱ्यांच्या वर्तनाची चौकशी केली आणि १८१० साली उच्च लष्करी शिक्षणाची संस्था बर्लिनमध्ये उभी केली. पराभवाची चिकित्सा तेथे सुधारणेची पहिली पायरी ठरली.

आपल्याकडे मात्र निकटच्या पराभवाचे दप्तर मिटलेलेच आहे. २० ऑक्टोबर १९६२ रोजी नामका चू नदीकाठी चिनी हल्ला झाला, तेव्हा तेथील भारतीय ब्रिगेडची रसद विमानांतून टाकलेल्या मालावर आणि हमालांच्या पाठीवर अवलंबून होती. ध्येय दिल्लीत ठरले, साधने मात्र डोंगरावर पोचली नव्हती. या युद्धाची लष्करी चिकित्सा करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ साली सादर झाला. त्याच्या दोन कर्त्यांपैकी ब्रिगेडियर प्रेमिंद्र सिंग भगत हे त्या वेळी डेहराडूनच्या प्रबोधिनीचे प्रमुख होते. छात्रांच्या गुरूने लिहिलेला धडा छात्रांनाच वाचता येऊ नये, हा विरोधाभास बोलका आहे. २०१४ साली अहवालाचा काही भाग एका परदेशी लेखकाने उघड केला, तरी शासनाने तो अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. युद्धविषयक कागदपत्रे सर्वसाधारणतः पंचवीस वर्षांत खुली करावीत, असे धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१ साली जाहीर केले. या कसोटीवर १९६२ची मुदत केव्हाच उलटली आहे.

अडीचशे वर्षांपूर्वीच्या पानिपताची चर्चा निर्भयपणे करता येते, कारण त्यातील जबाबदार माणसांपैकी कोणीच उत्तर द्यायला उरलेले नाही. साठ वर्षांपूर्वीच्या चुकांना हाच न्याय लावण्याचे धैर्य राज्यकर्त्यांनी दाखवले नाही, तर प्रबोधिनीतील वर्गात सूत्रे पाठ होत राहतील आणि त्यांची खरी परीक्षा पुन्हा रणभूमीवरच घेतली जाईल. त्या परीक्षेचे शुल्क जवानांना प्राणांनी भरावे लागते.