गाडी गार, ड्रायव्हर बाहेर

एप्रिल उजाडला की आमच्या बोरीवलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर हा प्रश्न येतोच : "गाडीचा एसी गार करत नाहीये, काय करू?" विचारणाऱ्याची गाडी साठ-सत्तर लाखांची, जर्मन. उत्तरं डझनभर. गॅस भरा, फिल्टर बदला, निघण्याआधी पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवा. शेवटचा सल्ला सगळ्यांचा लाडका. ती पंधरा मिनिटं इंजिन चालू कोण ठेवतं, हे मात्र कुणी लिहीत नाही.

माझे बाबा एकवीस वर्षं एका शेठची गाडी चालवत होते. त्यामुळे या विषयावर मला शांतपणे बोलता येत नाही.

आधी इंजिनियरिंगचं बोलू, कारण तिथेही हे लोक चुकतात. एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमधून बाहेर टाकतो, वर कॉम्प्रेसरची आणि इंजिनाची उष्णता आहेच. ती सगळी मिळते शेजारी उभ्या असलेल्या वॉचमनकाकांना. शिवाय पेट्रोल-डिझेल गाड्यांत कॉम्प्रेसर बहुतेक वेळा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी उभी म्हणजे तो हळू, आणि कंडेन्सरवर वारा फक्त पंख्याचा. म्हणजे पार्किंगमध्ये उभं राहून गाडी गार करणं हा सगळ्यात मंद मार्ग. दारं दोन मिनिटं उघडी टाका, काचा खाली करून थोडं पुढे जा, तापलेली हवा निघून गेली की काचा वर आणि आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. झालं.

आणि गॅसचं. तो पेट्रोलसारखा संपत नाही, यंत्रणा बंदिस्त असते. दर उन्हाळ्यात भरावा लागतोय म्हणजे गळती आहे, ती शोधा. जुन्या गाड्यांतला आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशेपट हवा तापवतो. 'टॉप-अप' म्हणून आपण तोच आकाशात सोडत असतो.

आता बाबांचं. शेठ मीटिंगला आत गेले की तीन-तीन तास. हुकूम असायचा : इंजिन बंद, डिझेल जातं. निघायच्या दहा मिनिटं आधी मिस्ड कॉल, कारण शेठना गाडी गार लागायची. मधले तीन तास उन्हातल्या गाडीचा तंदूर होतो, आत बसणं अशक्य. बाबा फुटपाथवर झाड शोधत. इथला उन्हाळा दमट, घाम येतो पण वाळत नाही. संध्याकाळी त्यांच्या निळ्या शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे असायचे आणि ते न जेवता लादीवर आडवे व्हायचे. तेव्हा उन्हाळे निदान आजच्यापेक्षा बरे होते. १६ एप्रिल २०२४ ला सांताक्रूझला ३९.७ अंश नोंदले गेले.

मग ड्रायव्हरने एसी लावून गाडीतच बसावं का? नाही. बंदिस्त पार्किंगमध्ये चालू गाडीत झोपणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडशी खेळ. त्याला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही. माझी मागणी साधी आहे. ड्रायव्हर, वॉचमन, डिलिव्हरीवाले यांच्यासाठी तळमजल्यावर एक खोली, पंखा आणि पाणी.

गेल्या सभेत उघड्या पार्किंगवर शेड घालायचा ठराव दहा मिनिटांत मंजूर झाला. गाड्यांचा रंग उडतो म्हणून. खोलीचा विषय काढला तर एक काका म्हणाले, "तिथे पत्ते कुटतील." कुटू देत की! आपल्या क्लबहाउसमध्ये काय होतं? दुसरे म्हणाले, गारवा ही चैन आहे. हे बोरीवलीत बसून! मुंबईतली पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला इथूनच चर्चगेटला सुटली. तिकीट किंवा पास असलेला कुणीही तिच्यात बसू शकतो. चैन आहे ती रिकाम्या गाडीला पंधरा मिनिटं गार करत ठेवण्याची.

येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. या वेळी मागणी लेखी दिली आहे. बाबांनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला.

"पंखा, पाणी ठीक," ते म्हणाले. "संडास कुठे लिहिलायस? बाकी सगळं आम्ही कसंतरी भागवायचो, तेवढंच भागायचं नाही."

मी पेन आणायला उठलो.